कंदिलाच्या उजेडातला शेवट

माझी आजी पैनगंगेपलीकडची, पांढरकवड्याची. लग्न होऊन आदिलाबादला आली तेव्हा हा निजामाचा मुलूख होता. घरात मराठी, बाजारात दखनी वळणाची हिंदी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेल्या माणसांची गोंडी, एवढ्यावर तिचा संसार चालला. १९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली. शेजारचे किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं, आणि कचेरीतली भाषा तेलुगू झाली. आजीने ती शेवटपर्यंत शिकली नाही. तेलुगू सिनेमा मात्र तिने एकही सोडला नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. एन. टी. रामाराव यांचा 'दानवीर शूर कर्ण' गावात लागला होता. दिग्दर्शनही त्यांचंच, आणि कर्ण, दुर्योधन, कृष्ण या तिन्ही भूमिका त्यांच्याच. चार तासांच्या आसपासचा सिनेमा. आम्ही बायकांच्या बाजूला बाकावर बसलो होतो आणि आजीच्या ओच्यात फुटाणे होते. शाळेत तेलुगू शिकत असल्याने मला मोठा अभिमान. मी तिच्या कानाशी लागून एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. तिने दोन-तीन वाक्यं ऐकून घेतली आणि माझ्या मांडीवर हात ठेवला. "चूप बस वं पोरी. मले दिसते ना. मंग कानात कायले बोलतं?"

मध्यंतरात तिनेच मला उलट सांगितलं. दुर्योधन कर्णाला जवळ घेतो तेव्हा त्याचा हात खांद्यावर कसा पडतो, ते तिने माझ्या खांद्यावर हात टाकून दाखवलं. मी सगळे संवाद ऐकले होते आणि तो हात पाहिलाच नव्हता.

आठ-दहा वर्षांनी घरी टीव्ही आला. दूरदर्शनवर एका रात्री 'अछूत कन्या' दाखवत होते. १९३६ सालचा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट. अशोक कुमार आणि देविका राणी. सुरुवातीलाच रात्रीची वेळ आणि रेल्वेचं फाटक दिसलं, तशी आजी सरसावून बसली. "ह्यो म्या पायला हाय." लग्नाआधी, तंबूतल्या सिनेमात. कोणत्या गावी ते तिला आठवत नव्हतं, फाटक आठवत होतं. आम्हालाही फाटक नवं नव्हतं. मुदखेडहून येणारी छोटी लाईन आमच्या गावात संपायची. फाटक पडलं की बैलगाड्या, सायकली, कापसाने भरलेल्या गाड्या दोन्ही बाजूंना थांबायच्या, आणि त्या थांबण्यात गावातला अर्धा संवाद व्हायचा. त्यामुळे पडद्यावरचा गेटमन दुखिया आणि त्याची मुलगी कस्तुरी ही मला आमच्याच फाटकावरची वाटली.

देविका राणीचं रूप, कोरलेल्या भुवया, नीटनेटकी चोळी पाहून मात्र आजी म्हणाली, "इनं कदी शेन नाई उचल्लं." त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. आजही त्या चित्रपटावर मी जे काही वाचलं आहे त्यात याहून नेमकी टीका मला सापडलेली नाही.

हा चित्रपट एका जर्मन माणसाने दिग्दर्शित केला हे मला हैदराबादला कॉलेजात गेल्यावर कळलं. फ्रान्झ ऑस्टेन. आणि त्याला हिंदी येत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो मांडीवर पडलेला आजीचा हात.

त्यानंतर मी ऑस्टेनच्या मागे लागले ती आजतागायत. मूळ नाव फ्रान्झ ओस्टरमायर, जन्म १८७६, म्युनिक. वडील छायाचित्रकार, त्यामुळे तो धंदा घरचाच. तरुणपणी त्याने नट होऊनही पाहिलं. १९०७ साली भाऊ पीटरबरोबर त्याने फिरता सिनेमा काढला. त्यात दाखवायच्या तुकड्यांमध्ये एक हिंदुस्थानातल्या जीवनावरचा होता. थोड्याच दिवसांत त्यांच्या प्रोजेक्टरने पेट घेतला आणि तो उद्योग तिथेच थांबला. हिंदुस्थान या माणसाच्या आयुष्यात आधी पडद्यावर आला, अठरा वर्षांनी पायाखाली. हिंदुस्थानी निर्माते हिमांशू राय युरोपात पैसा आणि माणसं शोधत म्युनिकला पोचले, पीटरने उभारलेल्या एमेल्का या स्टुडिओशी त्यांचं जमलं, आणि १९२५ साली 'प्रेम संन्यास' तयार झाला. बुद्धाचं चरित्र, गौतम स्वतः हिमांशू राय. मग 'शिराज' (१९२८), ताजमहालाची कल्पित कथा. मग 'प्रपंच पाश' (१९२९), महाभारतातल्या द्यूतावर बेतलेला.

हे तिन्ही मूकपट. माझ्या मते ऑस्टेनचं खरं बळ तिथे आहे. 'प्रपंच पाश'मधला फाशांचा खेळ मी किती वेळा पाहिला असेल! राजा रणजित हरत जातो, समोर सोहत बसलेला, फासे खोटे. कॅमेरा हातांवर येतो, फाशांवर येतो, चेहऱ्यावर जातो, पुन्हा हातांवर. काय पणाला लागलं हे सांगायला पाटी येते खरी, पण ती येईपर्यंत आपल्याला समजलेलं असतं. राजस्थानचे खरे महाल, खरे हत्ती, खरी गर्दी, आणि त्या सगळ्या थाटाच्या मधोमध एक मूठ उघडते. दुर्योधनाचा खांद्यावर पडलेला हात पाहणारी आजी इथे बसली असती तर तिला पाटीचीही गरज पडली नसती.

१९३४ साली मालाडला हिमांशू राय यांची बॉम्बे टॉकीज उभी राहिली आणि ऑस्टेन पुन्हा आला. त्याच्याबरोबर छायाचित्रणाला योसेफ विर्शिंग, नेपथ्याला कार्ल फॉन स्प्रेटी. हेच स्प्रेटी पुढे पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले आणि १९७० साली ग्वाटेमालात अपहरण होऊन मारले गेले. १९३५ ते १९३९ या काळात ऑस्टेनने डझनाहून जास्त बोलपट केले. निरंजन पाल कथा-पटकथा इंग्रजीत लिहायचे, संवाद हिंदीत व्हायचे, आणि ते बरोबर म्हटले की चूक हे ज्याला कळत नाही तो माणूस कॅमेऱ्यामागे उभा असायचा. अशोक कुमार तेव्हा प्रयोगशाळेत काम करणारा लाजरा तरुण. ऑस्टेनला तो नायक म्हणून पसंत नव्हता, त्याचा जबडा फार जड वाटला, असं सांगतात. 'अछूत कन्या'त झाडाच्या फांदीवर बसून दोघं गातात तिथे अशोक कुमारचं अवघडलेपण लपत नाही. पण त्याच्या शेजारी देविका राणी ज्या मोकळेपणाने मान वळवते, त्यामुळे तेच अवघडलेपण प्रतापचं होऊन जातं. ब्राह्मणाचा मुलगा, कस्तुरीवर जीव, आणि काय करायचं ते माहीत नाही. शब्द न कळणाऱ्या माणसालाच हे दिसू शकतं, असं मला वाटतं.

त्या चित्रपटाच्या कथेशी मात्र माझं भांडण आहे. १९३५ साली येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांचं 'जातिभेद निर्मूलन'वरचं न झालेलं भाषण छापून निघालं. त्याच वर्षी पडद्यावर दुखिया प्रतापच्या वडिलांच्या, मोहन ब्राह्मणाच्या, पायातलं सापाचं विष स्वतःच्या तोंडाने ओढून काढतो, दोन घरं जवळ येतात, आणि तरीही मुलांचं लग्न होत नाही. शेवटी रेल्वेगाडी कस्तुरीचा जीव घेते. लग्न लावण्यापेक्षा तिला मारणं सोपं गेलं. चित्रपट हळहळतो, तिचं स्मारकही उभारतो, पण तिला जगू देत नाही.

दुसरी गोष्ट याहून जड. ऑस्टेन १९३६ साली नाझी पक्षाचा सभासद झाला. हे वाचलं त्या दिवशी मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. ज्या वर्षी तो अस्पृश्य मुलीची गोष्ट चित्रित करत होता त्याच वर्षी! याची सफाई मला देता येत नाही आणि देणारही नाही. चेहरा वाचणारा डोळा असणं आणि माणुसकी कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्याच्यामुळे शिकावं लागलं, आणि ते शिकताना त्रास झाला.

१९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा तो 'कंगन' करत होता. नायिका आपल्या लीला चिटणीस. इंग्रज सरकारने जर्मन माणसांना पकडलं, त्यात ऑस्टेनही होता. वय बासष्ट. पुढे त्याला मायदेशी जाऊ दिलं. विर्शिंगला मात्र युद्धभर नजरकैद भोगावी लागली. सुटल्यावर तो इथेच राहिला, 'महल' त्याने टिपला, 'पाकिजा'वर काम करत असताना १९६७ साली इथेच गेला. ऑस्टेनने पुन्हा हिंदुस्थान पाहिला नाही. १९५६ साली तो वारला. आमचं आदिलाबाद ज्या वर्षी आंध्रात गेलं तेच वर्ष.

मी मालाडला जाऊन आले. बॉम्बे टॉकीजच्या जागेवर आता छोटे कारखाने आणि गाळे आहेत, मधे जुन्या बांधकामाचे पडके अवशेष. एका गाळ्यासमोर पत्रा कापत बसलेल्या माणसाला विचारलं तर त्याने हात न थांबवता मानेनेच भिंत दाखवली. भिंतीतून पिंपळ फुटला होता. मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले.

त्याच युद्धाने आणखी एक जर्मन पासपोर्टवाला आमच्या जिल्ह्यात आणून सोडला होता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. क्रिस्टॉफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ, जन्माने व्हिएन्नाचे, मानववंशशास्त्रज्ञ. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना निजामाच्या राज्याबाहेर पडता येईना. १९४० साली निजामाविरुद्ध उठलेले गोंड पुढारी कुमरम भीम जोडेघाटला मारले गेले, आणि त्यानंतर गोंडांची दुखणी समजून घेण्याच्या कामावर निजाम सरकारने त्यांना नेमलं. ते पत्नी बेट्टी यांच्यासह मारलावाईत राहिले, गोंडी शिकले, गोंड शिक्षक तयार केले, आणि गोंड मुलांसाठी देवनागरी लिपीत वाचनपाठ छापून घेतले. मारलावाईला आता दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. तिथे गेले की मला ऑस्टेन आठवतो. एकाने इथली भाषा शिकून घेतली, एकाने शिकलीच नाही. माणसाच्या जवळ जायला शिकलेल्याचीच वाट खरी, हे मला मान्य आहे. पण मग भाषेवाचून सगळं पाहणाऱ्या आजीचं काय करू?

गेल्या पावसाळ्यात मी 'अछूत कन्या' आवाज बंद करून पाहिला. आजीसाठी म्हणून. शेवटाकडे आले, फाटकावरची मारामारी, येणारी गाडी, रुळांवर धावणारी कस्तुरी, आणि माझ्या लक्षात आलं की मी काहीतरी शोधते आहे.

त्या रात्री दूरदर्शनवर चित्रपट शेवटाला आला आणि वीज गेली होती. सगळ्यांनी हळहळ केली. आईने कंदील लावला. आजी म्हणाली, "बसा. म्या सांगतो." तिने दोन्ही हात समोर धरून रूळ केले. गाडी आणली. ती पोर कशी धावली ते बसल्या जागी मान आणि छाती पुढे काढून दाखवलं. भिंतीवर तिच्या हातांची सावली हलत होती. गाडी थांबली. मग आजीने सांगितलं की गाडीतले सगळे लोक खाली उतरले, बामण-कुणबी सगळे, आणि त्यांनी आपापल्या अंगावरचं वस्त्र काढून त्या पोरीवर पांघरलं. प्रत्येकाने तिला हात लावला. आजीने हाताने पांघरून दाखवलं, अगदी सावकाश, एकेक पदर.

तो शेवट मी पुन्हा मागे नेऊन शोधला. चित्रपटात तो नाही.