बंबाची नळी

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, अमेरिकेतील एका दुरुस्ती-कारखान्यात आमच्या चिरंजिवांकडून ३४० डॉलर घेऊन जो सर्किट बोर्ड बदलण्यात आला, त्याची पावती माझ्या टिपणवहीत अद्याप जपून ठेवलेली आहे. आणि ती दृष्टीस पडली की इतक्या महिन्यांनंतरही माझ्या चित्ताचे स्वास्थ्य बिघडते. रकमेचा प्रश्न नाही, असे मी घरात सर्वांना सांगितलेले आहे.

पूर्वपीठिका थोडकी आहे. चिरंजीव फीनिक्सला असतात. त्यांनी एक जुनी घरगाडी, तिकडच्या बोलीत आरव्ही, घेतली होती. ती सबंध उन्हाळा उघड्यावर उभी होती, आणि तीत बसून मी, सौ., चिरंजीव आणि सूनबाई असे चौघे यूटामधील ब्राइस कॅन्यनला गेलो. तेथील तांबड्या-केशरी सुळक्यांचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. मला सांगावयाचे आहे ते पाण्याविषयी. सौ.ने कोल्हापुराहून उटण्याची पुडी आणि सुवासिक तेलाची बाटली सोबत आणली होती, व चतुर्दशीचे अभ्यंगस्नान जेथे असू तेथे, पण सूर्योदयापूर्वीच व्हावयाचे, असा तिचा निश्चय होता. मुक्कामाचा तळ सुमारे ८,००० फूट उंचीवर. ऑक्टोबरात रात्री पाणी गोठेल अशी थंडी. आणि तळावर विजेची जोडणी नाही, म्हणून स्नानाच्या पाण्याची सारी भिस्त प्रोपेनवर आणि ठिणगी पाडणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर.

पहिल्याच संध्याकाळी हीटरने दगा दिला. बटण दाबावे, टिकटिक करीत ठिणगी पडावी, भप्‌ असा आवाज होऊन ज्वाला धरावी, आणि पाच-सात सेकंदांत ती विझावी. असे तीनदा झाले की यंत्र स्वतःला कुलूप घालून घेई आणि आत भिंतीवर तांबडा दिवा लागे.

मी बाहेरचे झाकण उघडून पाहिले तेव्हा मला आमच्या घरातला तांब्याचा बंब आठवला, आणि ती आठवण केवळ भावनेची नव्हती. बंबात पाण्याच्या मधोमध विस्तवाची नळी उभी असते; या ६ गॅलनच्या, म्हणजे सुमारे २३ लिटरच्या टाकीत तीच नळी आडवी घालून वाकवलेली असते आणि तिच्या तोंडाशी ढलप्यांऐवजी वायूचा बर्नर असतो. बंब धुमसू लागला की आई लाकडांना दोष देत नसे. आधी खालच्या जाळीतली राख मोकळी करी, कारण विस्तवाला वारा मिळाला पाहिजे. पुढे मी अठ्ठावीस वर्षे साखर कारखान्याच्या बॉयलर-विभागात काढली, आणि तेथेही पहिला धडा हाच होता की इतर काहीही तपासण्यापूर्वी ज्वालेचा रंग पाहावा. या हीटरची ज्वाला पिवळी होती, आणि आत सरळ जाण्याऐवजी तोंडाशीच घोटाळत होती.

हे सांगण्याची संधी मला त्या दुरुस्ती-कारखान्यात मिळाली नाही. किंबहुना मिळाली, पण ऐकून घेतले गेले नाही. तेथील तरुण कारागिराने मीटरच्या दोन तारा येथे-तेथे टेकवल्या आणि तीन मिनिटांत बोर्ड गेल्याचा निकाल दिला. मी विनंती केली की बर्नरची नळी एकदा काढून पाहावी. काम दोन स्क्रूंचे आहे. त्याने सौजन्याने, त्याचे सौजन्य मी नाकारीत नाही, उत्तर दिले की अशा तक्रारीत बहुधा बोर्डच दोषी निघतो, आणि नळी काढावयाची तर तिची मजुरी निराळी पडेल. मी पुन्हा ज्वालेच्या रंगाविषयी बोलू लागलो तेव्हा चिरंजीव हळूच म्हणाले, “बाबा, त्यांचं रोजचं काम आहे, करू दे त्यांना.” मी गप्प बसलो. वस्तुतः त्या बर्नरपुढच्या दांडीला दोन कामे असतात: ठिणगी पाडणे, आणि नंतर ज्वालेतून वाहणाऱ्या अत्यल्प विद्युत्प्रवाहावरून ज्वाला पेटली आहे अशी साक्ष बोर्डाला देणे. ज्वाला दांडीपर्यंत पोहोचली नाही तर साक्ष मिळत नाही, आणि मग वायू बंद करणे हे बोर्डाचे कर्तव्यच आहे. ज्याने कर्तव्य बजावले त्यालाच बडतर्फ करण्यात आले. नवा बोर्ड बसला, त्या बंदिस्त, निवाऱ्याच्या शेडमध्ये ज्वाला मिनिटभर टिकली, आणि पावती फाडण्यात आली. मी जुना बोर्ड मागितला. तो भंगारात गेला असे सांगण्यात आले.

आपल्याकडे गल्लीतला स्कूटर-मेकॅनिकसुद्धा बदललेला भाग वर्तमानपत्रात गुंडाळून, न मागता, गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. हा शिरस्ता मला कित्येक कायद्यांपेक्षा मोलाचा वाटतो. कोणतेही यंत्र दुरुस्तीला देणाऱ्याने काम सुरू होण्यापूर्वीच जुना भाग परत मिळेल असे कबूल करून घ्यावे. नंतर मागून उपयोग नसतो.

त्या रात्री तळावर वारा होता. तांबडा दिवा पुन्हा लागला.

पहाटे सौ.ने दोन पातेल्यांत शेगडीवर पाणी तापविले आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी बादली आली. पूर्वेला चंद्राची अखेरची कोर होती. उटणे लावताना तिचे हात थंडीने लटपटत होते, तरी ती काही बोलली नाही. मी शेगडीकडे पाहत होतो: ज्वाला निळी, स्थिर. म्हणजे वायू ठीक, दाब ठीक.

उजाडल्यावर मी सिलिंडरची तोटी बंद केली, बटण बंद केले आणि ते दोन स्क्रू काढले. बर्नरच्या नळीच्या बाकात अंगठ्याएवढा पांढरा गोळा होता: कोळ्याचे जाळे, अंड्यांसकट. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात, आणि त्या वासाकडे कोळी ओढले जातात असे आरव्ही बाळगणारे जुने लोक सांगतात. मी बाटली धुण्याच्या ब्रशाने नळी स्वच्छ केली. वायूच्या बारीक छिद्रात मात्र तार घातली नाही, कोणीही घालू नये, कारण ते तसूभर रुंदावले तरी वायूचे प्रमाण बिघडते. नळी बसविली, तोटी सावकाश उघडली. ठिणगी पडली, आणि निळी ज्वाला घोंघावत सरळ आत गेली. अर्ध्या तासात नळाला कढत पाणी आले. “अहो, आता भांडी तरी नीट घासून होतील,” सौ. म्हणाली.

चार पानी तक्रार मी लिहिली, आणि ती पाठविली नाही. कारण असे की हीटर त्यानंतर कधीच अडला नाही; चिरंजीव कळवितात की तो पहिल्या ठिणगीला पेटतो. मग मला वाटू लागते, जुना बोर्डही कदाचित निकामी होत आला असेल, आणि त्या मुलावर मी अन्याय करीत असेन. लगेच ती पिवळी ज्वाला डोळ्यांपुढे येते आणि ३४० डॉलर आठवतात. रकमेचा प्रश्न नाही हे म्हणणे तितकेसे खरे नव्हते. तो जुना बोर्ड हाती असता तर स्वच्छ नळीवर परत बसवून बटण दाबून पाहिले असते. पाच मिनिटांचे काम होते.