एका खोलीतल्या सहा खोल्या

हल्ली आमच्याकडे ज्या नव्या इमारती होतात, त्यांतल्या पुष्कळ घरांत बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंतच नसते. घर मोठं दिसतं, उजेड भरपूर येतो, सगळं खरं. पण दार उघडलं की पाहुण्यांना आधी दिसतं ते ओट्यावरचं खरकटं! मुलांचा अभ्यास, सासऱ्यांच्या बातम्या, कुकरच्या शिट्ट्या, सगळं एकाच जागी. मग मैत्रिणी विचारतात, “मध्ये काय घालू गं? लाकडी पार्टिशन की काचेचं?” मी त्यांना सांगते, सुताराला बोलावण्याआधी वरळीच्या चाळीतली एक खोली कशी होती ते ऐक.

आमच्या ह्यांच्या आत्या वरळीला बीडीडी चाळीत राहायच्या. २०१९ च्या मे महिन्यात मुलांना मुंबई दाखवायला म्हणून गेलो आणि चार दिवस त्यांच्याकडे उतरलो. वरळी नाक्यावरून आत वळलं की जांबोरी मैदान लागतं, आणि त्याच्या आजूबाजूला एकसारख्या, दणकट, करड्या चाळींच्या रांगा. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्याच्या मधोमध एक लांब अंधारा व्हरांडा, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं! संडास मजल्यावर सामाईक. मोरी मात्र खोलीत.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली सरकारने हे खातं काढलं आणि त्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. खोलीचं माप सगळीकडे जवळजवळ एकच, १६० चौरस फूट. सोळा फूट बाय दहा फूट धरा. बांधणाऱ्यांनी चार भिंती दिल्या, एक दार दिलं, खिडकी दिली आणि मोरी दिली. बाकीचं घर बायकांनी केलं.

आत्याबाईंच्या खोलीत माणसं सहा. स्वतः आत्याबाई, त्यांचा मुलगा आणि सून, बारावीला बसणारी नात, आठवीतला नातू आणि धाकटा मुलगा. त्यात आम्ही चौघं पाहुणे. पण पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की या एका खोलीत कुणी कुणाच्या पायात येत नाही.

आधी सामानाची गंमत सांगते. लोखंडी कपाट भिंतीला टेकवून न ठेवता आडवं, म्हणजे खोलीच्या मधल्या अंगाला पाठ करून उभं केलेलं. दाराकडून पाहिलं तर ती कपाटाची पाठ. तिच्यावर प्लायवूड ठोकून त्याला कॅलेंडर आणि किल्ल्यांचे खिळे. आतून मात्र ते कपाट स्वयंपाकाच्या बाजूला उघडायचं. अर्धी भिंत झाली आणि एक इंच जागा वाया गेली नाही. कपाट छताला भिडत नव्हतं, त्यामुळे वरून वारा नि उजेड दोन्ही पलीकडे जात. हे तुम्ही जरूर ध्यानात ठेवा. छतापर्यंत पार्टिशन नेलं की आतली बाजू कोंदट होते आणि दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो.

खाटेचे पाय चार-चार विटांवर चढवलेले. खाली गाद्या, पेट्या, वर्षाचे तांदूळ. खाटेच्या कडेने जुन्या साडीची झालर. मोरीला तारेवरचा पडदा. छताजवळ पोटमाळा, त्याला लाकडी शिडी. देव पूर्वेच्या भिंतीवर, फळीवर. तिथे उभं राहिलं की पाय आपोआप चपलांच्या रेषेपासून लांब! चपलांचीसुद्धा रेषा होती. दारापासून अडीच फुटांवर जमिनीत लाल फरशीची एक ओळ बसवून घेतलेली. तिच्या अलीकडे ओटी, पलीकडे घर. गावाकडच्या घरात ओसरीची पायरी जे काम करते, तेच काम इथे एक फरशीची ओळ करत होती.

रात्री दिव्यांचीही वाटणी. आठ वाजेपर्यंत ट्यूबलाइट, मग ती बंद. नातीच्या पुस्तकावर वाकलेला एक छोटा टेबल-लॅम्प, ओट्यावर एक लहान बल्ब. बाकी खोली अंधारात. मी झोपेतून जागी होऊन पाहिलं, तर त्या उजेडाच्या गोल तुकड्यात ती मुलगी अशी बसली होती, की जणू तिला दार लावलेली स्वतंत्र खोली आहे.

पण नुसत्या सामानावर भागलं नसतं. तिथे खरी वाटणी होती ती घड्याळाची. पहाटे पाणी यायचं तेव्हा मोरीची बाजू बायकांची, पुरुष व्हरांड्यात. सकाळी सात ते नऊ डब्यांची गर्दी, तेव्हा मुलं खाटेवर पाय वर घेऊन बसणार. संध्याकाळी आत्याबाईंची मालिका, पण नातीची परीक्षा आली की आवाज बंद आणि नुसती चित्रं!

ही रीत काही एका घराची नाही. गिरणगावच तसं जगला. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, आणि एकेका गाळ्यात वीस-वीस, पंचवीस-पंचवीस एकटे कामगार राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागेवर आडवी होणार. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका आपल्या एका खोलीतच चुली चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. त्याच्याही आधीची गोष्ट डॉ. आंबेडकरांची. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात ती आहे. परळच्या डबक चाळीत सगळ्या कुटुंबाला मिळून एक खोली. दोघांना पसरायला जागा नाही, म्हणून वडील रामजी सकपाळ मुलाला लवकर निजवत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. मग मुलाला अभ्यासाला उठवायचं आणि त्याच जागी आपण झोपायचं. एकच जागा, पण बापाने तिचे दोन भाग केले, आणि त्यातला चांगला भाग मुलाला दिला. मी वर्गात हा प्रसंग सांगते तेव्हा पोरं गप्प होतात.

तिसरी वाटणी डोळ्यांना दिसत नाही. ती रीतीची. आत येताना खाकरून यायचं. बाई साडी बदलत असेल तर घरातल्या पुरुषाने न सांगता “जरा खाली जाऊन येतो” म्हणायचं. कुणी रडत असेल तर तिकडे पाठ करून भाजी निवडायची. कपाट, पडदा, झालर हे सगळं विकत मिळतं. हे मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना चाळ फारच आवडलेली दिसते! तसं नाही हो. रात्री अपरात्री लांब व्हरांडा तुडवत सामाईक संडासाला जाणं काय असतं, ते मी चार दिवसांत पुरेपूर पाहिलं. नव्या सुनेने पहिली वर्षं कशी काढली असतील, हा विचार मनात येऊन अंगावर काटा आला. शिवाय या सगळ्या वाटणीत एक गोष्ट मला खटकत होती. आत्याबाईंची खाट होती. भाऊजींची खिडकीजवळची खुर्ची होती. नातीचा दिवा, नातवाचा पोटमाळा. धाकट्याचा कोट टांगायचा खिळासुद्धा ठरलेला. वहिनींचं काय?

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मी विचारलंच, “वहिनी, या घरात तुमची जागा कोणती?”

त्या हसल्या. “जागा नाही, वेळ आहे. दुपारी दोन ते चार.”

त्या वेळात वहिनी शिलाईचं मशीन उघडायच्या. साड्यांना फॉल लावणं, ब्लाउज शिवणं. चाळीतल्याच बायकांची कामं. महिन्याचे जे काही पैसे सुटत, त्यांतून नातीच्या क्लासची फी भरली जात होती. पण दोनच महिन्यांपूर्वी धाकट्या दिरांना रात्रपाळी लागली होती. ते दिवसा झोपणार, आणि मशीनची खडखड तर होणारच! आठ दिवस मशीन बंद राहिलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. बोलायची सवयच नाही ना आपल्याला.

बोलल्या त्या आत्याबाई. मुलाला त्यांनी सरळ सांगितलं, “दोन ते चार ही तिची खोली आहे. तू दुसऱ्याच्या खोलीत झोपतोस का?” मग दिरांची झोप सकाळी आठ ते दोन अशी ठरली, मुलांना त्या वेळात व्हरांड्यात पिटाळायचं ठरलं, आणि दोनच्या ठोक्याला मशीन पुन्हा सुरू झालं. मी गेले तेव्हा हे सगळं सुरळीत चाललं होतं. दोन वाजले की दीर स्वतः उठून, सतरंजी गुंडाळून, मशीनवरचं झाकण काढून ठेवत.

आता त्या चाळींच्या जागी म्हाडाच्या नव्या इमारती होत आहेत. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, दोन खोल्या वेगळ्या, संडास-न्हाणीघर घरात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. आत्याबाईंचं कुटुंब त्यांत आलं. त्या दिवाळीला आम्ही घर पाहायला गेलो. नात आता नोकरीला लागलीय. तिला एक खोली, दुसरी भाऊजी-वहिनींची. आत्याबाईंनी गुडघे दुखतात म्हणून बाहेरची खोली मागून घेतली. आणि खिडकीशी काय होतं माहीत आहे? तेच जुनं लोखंडी कपाट, तसंच आडवं. त्याच्या मागे शिलाईचं मशीन.

मी म्हटलं, “वहिनी, आता आतल्या खोलीत ठेवा की!”

“तिथे सगळ्यांचे कपडे, बिछाने. इथे उजेड आहे. आणि आता दोन ते चार नाही,” त्या म्हणाल्या, “दिवसभर.”

तर मैत्रिणींनो, भिंत नसलेलं घर वाटायचं असेल तर आधी टेप घेऊ नका, कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, आणि त्यापुढे त्याला कोणत्या वेळी काय करायचं असतं ते लिहा. कुणाला शांतता हवी, कुणाला उजेड, कुणाला नुसता पाय पसरायला कोपरा. मग कपाट कुठे आडवं करायचं, पडदा कुठे सोडायचा, सतरंजीची कड कुठवर आणायची, दिवा कुठे टांगायचा, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. उंच वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंत असली तरी पुरते. बसलेल्या माणसाला तेवढी आड होते. जाण्यायेण्याची वाट दोन फुटांहून कमी ठेवू नका. आणि ठरलेली वेळ मुलांनीही पाळायची, घरच्या कर्त्यानेही.

एवढंच, की त्या कागदावर आपण सगळ्यांची नावं लिहितो आणि लिहिणारीचं राहून जातं. ते पहिलं लिहा.