गाव तशी गाडी

जुनी मोटारसायकल घ्यायची असेल तर आधी गाडी पाहू नये, नकाशा पाहावा, असे आमच्या पेठेतले मेस्त्री म्हणतात. गेली तीस वर्षे त्यांचे हात ऑईलमध्ये आहेत. त्यामुळे त्यांचे म्हणणे आम्ही सहसा खोडून काढत नाही. माणूस जसा आपल्या गावच्या पाण्यावर वाढतो, तशीच गाडीही, हा त्यांचा सिद्धांत. किनाऱ्यावरची गाडी गंजाने जाते, पुण्याची क्लचने जाते, घाटाखालची ब्रेकने जाते.

"आणि सोलापूरची?" मी विचारले.

"ती उन्हाने जाते. पण हळूहळू जाते, साहेब. सांगून जाते."

मला मोटारसायकल हवी होती ती सौभाग्यवतींना मागे बसवून हंपीला जाण्यासाठी. लग्नाला चोवीस वर्षे झाली, आणि त्यातली निदान वीस वर्षे हंपी 'पुढच्या दिवाळीत' होती. मुलगी वसतिगृहात गेली, घर एकदम मोठे झाले आणि विम्याची एक लहानशी पॉलिसी पिकली. तिच्यातले एक लाख दहा हजार या कामासाठी काढायचे ठरले. बाकीचे मुलीच्या फीचे. त्याला हात लावायचा नाही, असा घरात ठराव झाला. पुण्याहून हंपी साडेपाचशे किलोमीटरांच्या वर. कंबर अजून साथ देते, ती आणखी किती वर्षे देईल याचा भरवसा नाही. म्हणजे गाडी एकदाच घ्यायची आणि ती नीट निघाली पाहिजे. दुसऱ्या गाडीला पैसे नव्हते.

ज्या जातीची गाडी माझ्या मनात होती तिला स्पोर्ट्स टूरर म्हणतात. शर्यतीच्या गाडीवर माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा दिसतो. बुलेटवर तो पाटलासारखा ताठ बसतो. स्पोर्ट्स टूरर या दोहोंच्या मधली. पुढे वारा अडवणारे कवच, इंजिनात दम, आणि दिवसभर बसले तरी उतरताना माणूस सरळ उभा राहावा अशी बैठक. १९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आर १०० आरएस ही संपूर्ण कवचाची गाडी काढली, तेव्हापासून या जातीला ओळख मिळाली असे मानतात. ती आपल्या आवाक्याबाहेरची. आपल्याकडच्या मध्यमवर्गाला त्या सुखाची चव दाखवली ती २००३ सालच्या करिझ्माने. पुढे २००९ मध्ये कावासाकीची दोन सिलिंडरची निन्जा २५० आर आली, २०११ मध्ये होंडाची सीबीआर २५० आर, आणि २०१६ च्या डिसेंबरात बजाजची डोमिनार. नवी गाडी माझ्या खिशाला झेपणारी नव्हती. जुन्यांत मात्र निवड करायला पुष्कळ वाव होता.

मेस्त्रींनी पहिली गोष्ट करायला लावली ती अशी की, एक लाख दहा हजारांतले वीस हजार वेगळ्या पाकिटात घालून ते विसरायचे. जुन्या गाडीला घरी आल्यावर टायर लागतात, चेन-स्प्रॉकेट लागते, ब्रेकचे पॅड लागतात. सगळे पैसे गाडीवर घालून मग टायरसाठी पगाराची वाट पाहणारी माणसे त्यांनी खूप पाहिली आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे नाना पेठेत एक चक्कर. गाडी पाहण्याआधी तिचे सामान मिळते का ते विचारून यायचे. होंडाने २०२० नंतर सीबीआर २५० आर इथे विकणे थांबवले आहे. अशा गाडीचे इंजिन कितीही चांगले असले तरी क्लचप्लेट, फिल्टर, रेडिएटरची नळी कुठे मिळते हे आधी कळले पाहिजे. नाना पेठेतल्या दुकानदाराने यादी वाचून तीन शब्दांत निकाल दिला, "कवच सोडून सगळं." म्हणजे गाडी पडू द्यायची नाही, इतकेच.

पुण्यातली पहिली गाडी फार वेळ खाऊन गेली नाही. करिझ्मा होती. मालक कॉलेजातला. सायलेन्सर बदललेला, मागचा मडगार्ड कापलेला. मेस्त्रींनी गाडीला प्रदक्षिणाही घातली नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते खाली वाकले. फ्रेमवर जिथे हँडल येऊन टेकते तिथे एक बारीक खुंटी असते, ती एका बाजूला चेपली होती. गाडी कुठेतरी जोरात आदळल्याखेरीज ती चेपत नाही. रंग बदलता येतो, ती खुंटी कुणी बदलत नाही. आम्ही त्या मुलाचे आभार मानले. क्लचची गोष्ट निघालीच नाही.

मग एका शुक्रवारी आम्ही उभयता एस.टी.ने रत्नागिरीला निघालो. तिथे एका आंबा बागायतदारांची डोमिनार होती. ३७३ सीसी, अंगाने भरदार, मागची बैठक ऐसपैस. सौ. तिच्यावर बसल्या आणि उतरायला तयार होईनात. मागे बसून पाहिल्याशिवाय गाडी घ्यायची नाही ही त्यांची अट होती आणि ती अट फार शहाणपणाची आहे. या जातीच्या गाड्यांत पुढच्या माणसाची बडदास्त असते. मागच्याला पुष्कळदा वडीएवढी गादी देऊन वाटेला लावतात.

बागायतदारांचे घर मांडवीच्या बाजूला. अंगणातून समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. मेस्त्री बरोबर नव्हते. त्यांनी पाठ करून घेतलेले धडे तेवढे होते. मी पुढच्या शॉकअपची चकचकीत नळी बोटाने चाचपली. टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके लागले. खारे वारे धातूला असे खातात आणि मग ते ठिपके आतले ऑईल सील कापत राहतात. सीटखाली वायरींचे जोड उघडून पाहिले तर तांबे हिरवे पडलेले. इंजिन मात्र पहिल्या हाकेला ओ देणारे.

मालकांना मी दाखवले. ते म्हणाले, "अहो, इथं दाराची कडी दोन पावसाळ्यांत खलास होते, तिथं गाडीचं काय! पसंत पडली तर न्या, नाही पडली तर आंबापोळी घेऊन जा." एक लाख पाच हजारांवर ते ठाम होते. पाकिटातल्या वीस हजारांचा त्याला आधार नव्हता. आम्ही आंबापोळी घेतली.

रत्नागिरीहून कोल्हापूरला जायचे म्हणजे आंबा घाट. एस.टी.च्या खिडकीतून मी प्रत्येक वळण मनातल्या मनात मोटारसायकलवरून घेत होतो. वर शाहूवाडीकडे हवा बदलते, लाल माती मागे पडते, आणि मलकापूर गेले की उसाची दाटी सुरू होते. हा रस्ता माणसाला गाडी घ्यायला लावतो. असल्या मनःस्थितीत सौदा करू नये.

कोल्हापूरला तर साक्षात निन्जा उभी होती. हिरवी, धुतलेली, पुसलेली, मीटरवर अवघे ९,४०० किलोमीटर, किंमत पंच्याऐंशी हजार. दोन सिलिंडरचे इंजिन चालू केले की कानाला जो गोडवा लागतो त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. तरुण मालक अत्यंत अदबशीर. "काका, एक फेरी मारून या की," म्हणाला. मी रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो तेव्हा मन जवळजवळ ठरले होते. मागची बैठक तेवढी पाटासारखी होती. पण पाटावरही माणसे जेवतातच, असा युक्तिवाद मी तयार ठेवला होता.

तोवर आत सौ. आणि मालकाच्या मातोश्री यांच्या गप्पा रंगल्या होत्या. चहा, मग चिवडा, मग गावाच्या गोष्टी. मातोश्री भिंतीकडे बोट दाखवून सांगत होत्या, "एकोणीसला तर हितंपतूर पाणी हुतं, ताई. आमी वरच्या माळ्यावर. दारात होडी आलती बघा." २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेने सारा भाग घेतला होता, महामार्गही काही दिवस बंद होता. हे सगळे आम्ही पुण्यात बसून वर्तमानपत्रांत वाचले होते. सौ.नी सहज विचारले, "आणि गाडी?"

मातोश्री काही बोलल्या नाहीत. मुलगा दारातच उभा होता.

"पाण्यात हुती," तो म्हणाला. "पण सगळी उघडून धुवून घेतलीया, काका. तुमी इचारलं असतं तर सांगितलंच असतं."

त्याच्यावर अविश्वास दाखवण्याजोगा तो मुलगा नव्हता. मी हेडलाइटच्या मागे बोट घातले. नखात पिवळट, पिठासारखी माती आली. पुराचे पाणी इंजिनातून काढता येते. वायरींच्या गुंत्यातून, चाकांच्या बेअरिंगांतून, मीटरच्या पोटातून ते सारे निघेलच असे नाही. गाडी वर्षभर बरी चालते आणि मग एके दिवशी भर रस्त्यात दिवे मिटते. तो रस्ता हंपीचा असू शकला असता. मातोश्रींनी निघताना सौ.ना ओटी भरून पाठवले. गाडी न घेता इतक्या मानाने बाहेर पडण्याचा प्रसंग दुसऱ्या कुठल्या गावात येईलसे वाटत नाही.

सोलापूरला गेलो ते जानेवारीत, संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने, हातात दोन हेल्मेटे घेऊन. डब्यातल्या मंडळींनी गाडीची चौकशी केली. गाडी अजून पाहायची आहे असे सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला. मुक्काम स्टेशनजवळच केला. कारण मेस्त्रींची ताकीद होती की सकाळी जायचे आणि मालकाला आधी गाडी चालू करू द्यायची नाही. इंजिन गार असतानाच खरे बोलते. मी सात वाजता इंजिनला हात लावला. ते दगडासारखे थंड होते. बटण दाबले. दुसऱ्या फेऱ्याला सीबीआर चालू झाली, धूर नाही, खडखड नाही.

मालक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. गाडी २०१४ ची, मीटरवर ४१,२०० किलोमीटर. निन्जाच्या चौपटीहून अधिक. पण मास्तरांनी शंभर पानी वही पुढे ठेवली. प्रत्येक ऑईल-बदल, प्रत्येक पंक्चर, भरलेले पेट्रोल, तारीख, किलोमीटर, सारे सुवाच्य अक्षरात. अक्कलकोट, गाणगापूर, विजापूर, एकदा थेट बदामी. मीटर मागे फिरवता येते. दहा वर्षांची वही, निरनिराळ्या शायांतली, मागे फिरवणे कठीण.

"विकता का, सर?" मी विचारले.

"गुडघा," ते म्हणाले. "उभी करताना झेपत नाही आता. एकदा पेट्रोलपंपावर कलंडली. लोकांनी उचलली. ते मला आवडलं नाही."

त्या कलंडण्याची खूण ब्रेकच्या दांडीच्या टोकाला होती आणि वहीतही होती.

बाकी सारे सोलापूरच्या उन्हाने केले होते ते केले होते. टायरांवर नक्षी शिल्लक होती, पण कडांना भेगा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे; इथे २३१८ होते, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. टायर बाद. ब्रेकची रबरी नळी कडक झालेली, तीही बाद. चेन मागच्या चक्राच्या दात्यांवरून बोटाने ओढली तर सुटून वर आली, बदलायला हवी. पण वायरींचे जोड लालबुंद तांब्याचे, शॉकअपची नळी आरशासारखी. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवले. मधोमध कुठे अडकले नाही, म्हणजे कोनसेट शाबूत. इंजिन दहा मिनिटे तसेच चालू ठेवले, रेडिएटरचा पंखा आपणहून सुरू झाला आणि काही वेळाने थांबला. कूलंट स्वच्छ, ऑईलमध्ये दुधाळपणा नाही. मेस्त्री म्हणाले होते तशी ही गाडी सारे सांगत होती.

सौ. होटगी रस्त्याने मागे बसून आल्या. मागची गादी उंच, पण धरायला दांड्या. "रत्नागिरीची नाही," त्या म्हणाल्या, "पण कोल्हापूरचीही नाही." हा होकार होता.

मग मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. नोंदणीपुस्तकातला चासीस नंबर गाडीवरच्या नंबराशी अंकन् अंक ताडून पाहिला. बँकेचे कर्ज फिटले होते आणि नोंदही उतरली होती. पुष्कळांचे कर्ज फिटते, पण फॉर्म ३५ भरून ती नोंद उतरवायची राहते आणि सौदा तिथेच अडतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विमा चौदा दिवसांत माझ्या नावावर करून घ्यायचा, हे मास्तरांनी मलाच दोनदा बजावले. त्यांची किंमत अठ्ठ्याण्णव हजार. मी टायर, नळी आणि चेन यांचा हिशेब पाटीवर मांडावा तसा मांडला. त्यांनी तो तपासला, एका बेरजेखाली रेघ ओढली आणि नव्वदला हो म्हणाले. पाकीट शाबूत राहिले. ब्रेकची नळी आणि टायर मी सोलापुरातच बदलून घेतले. भेगाळलेल्या टायरांवर अडीचशे किलोमीटर मागे माणूस घेऊन जाणे मला मंजूर नव्हते.

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मास्तर फाटकात उभे होते. सौ.नी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. ते इंजिनचा आवाज ऐकत होते.

मोहोळच्या पुढे रस्ता मोकळा झाला. गळिताचा हंगाम, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर अधूनमधून आडवे. पण ऐंशीच्या वेगाला कवचामागे वारा लागत नव्हता आणि मागून सौ.चे बोलणे मला ऐकू येत होते, ही गोष्ट स्कूटरवर चोवीस वर्षांत कधी घडली नव्हती. टेंभुर्णीला चहा झाला, इंदापूर मागे पडले, आणि भिगवणला उजनीचे पाणी दिसले तेव्हा दुपार कलली होती. मासे खाल्ले. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. ते पाहायचेच असा सौ.चा आग्रह पडला, म्हणून गाडी बाभळीखाली लावून होडीकडे निघालो.

नावाडी आमची वाट पाहायची सोडून गाडीभोवती फिरत होता. कवच पाहिले, टाकीवर हात फिरवला, मग त्याने विचारले, "किती देती?"

मी पिशवीतून मास्तरांची वही काढली, शेवटचे पान उघडले आणि सांगितले, "एकतीस."