खटका परत फिरला पाहिजे

‘बॉनेट उघडत नाही’ म्हणून गॅरेजात येणाऱ्या गाडीचं मूळ दुखणं बहुतेक वेळा वेगळंच असतं. बॅटरी बसलेली असते, कूलंट आटलेलं असतं, नाही तर कुठून तरी जळका वास येत असतो, आणि तिथवर पोचायची वाटच बंद! डॅशबोर्डखालचा खटका कितीही ओढा, पुढचा पत्रा जागचा हलत नाही. मालकाला वाटतं, आता ग्रिल फोडावी लागणार. जाणता मेकॅनिक मात्र हत्यारांना हात लावण्याआधी गाडीत बसतो, इंजिन बंद आहे ना ते बघतो आणि खटका हळूच ओढून हाताला काय लागतं ते पाहतो.

निम्मं निदान इथेच होतं. खटका दगडासारखा घट्ट लागला, तर पुढचं लॉक किंवा केबल गंजून आवळलेली आहे. तो हलकाच बाहेर आला आणि ढिला लटकत राहिला, तर तार तुटलेली आहे किंवा तिचं टोक खटक्याच्या खाचेतून निसटलं आहे. आणि स्प्रिंगचा ताण नेहमीसारखा जाणवतोय, पुढे ‘टक’ असा आवाजही येतोय, पण बॉनेट उचलत नाही, असं असेल तर लॉक सुटू पाहतंय पण दाबाखाली अडकलंय. या तिसऱ्या प्रकाराला दोन माणसं पुरतात. एकाने खटका ओढून धरायचा, दुसऱ्याने लॉकच्या बरोबर वर तळहात ठेवून बॉनेट खाली दाबायचं. उघडायचं असताना दाबायचं, हे नवख्याला उलटं वाटतं. पण बॉनेटखालचे रबरी बफर पत्र्याला सतत वर ढकलत असतात आणि तो सगळा भार लॉकच्या दातावर येतो. दाबलं की भार उतरतो आणि दात सुटतो.

खटका आणि लॉक यांना जोडणारी वस्तू म्हणजे बोडन केबल. आत पोलादी तारांचा पीळ, बाहेर धातूच्या वेटोळ्याचं कवच, त्यावर प्लॅस्टिक. अर्नेस्ट बोडन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये हिचं पेटंट मागितलं. सायकलच्या हँडलपासून ब्रेकपर्यंत जाते तीही याच जातीची. वाटेत वळणं असली तरी हाताचा जोर टोकापर्यंत नेणं, हा तिचा मोठा गुण. पण तिची एक मर्यादा या दुरुस्तीत कायम डोक्यात ठेवावी लागते: ही तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. खटका सोडल्यावर लॉकला मूळ जागी आणायचं काम तारेचं नाहीच, ते स्प्रिंगचं. म्हणून ओढल्यावर लॉक सुटतं का एवढंच पाहणारा मेकॅनिक अर्धंच काम पाहतो. सोडल्यावर ते परत फिरतं का, ही परीक्षा जास्त महत्त्वाची आहे. न उघडणाऱ्या बॉनेटने खोळंबा होतो, नीट न बसलेल्या बॉनेटने जीव जाऊ शकतो.

परत फिरण्याचा सगळ्यात मोठा वैरी गंज. लॉक बसवलेलं असतं रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर, ग्रिलच्या जेमतेम मागे. रस्त्यावरचं पाणी, पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल, रात्रीच्या प्रवासातले किडे, सगळं आधी त्याच्याच अंगावर येतं. कोकणात आणि गोव्यात त्यात खारी हवा मिसळते. चार महिन्यांच्या पावसानंतर अशा गाडीचं बॉनेट उघडून पाहावं: दाताच्या रिव्हेटभोवती तांबूस कडं धरलेलं, आणि कारखान्यातलं ग्रीस धुळीला धरून काळ्या लुकणासारखं झालेलं. त्याच्यावरच नवं ग्रीस थापणं ही गॅरेजातली सर्रास दिसणारी घाई. आतली रेती तशीच राहते आणि नव्या ग्रीसमध्ये फिरून लोखंड झिजवत बसते.

आधी जुनं निघालं पाहिजे. थंड इंजिन, डिझेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश आणि मग कोरडं फडकं. गंज सैल करायला डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे उत्तम. तो पाणी हटवतो, सांध्यात शिरतो. पण त्याचा थर पातळ असतो, पावसाळा काढायची ताकद त्यात नाही. म्हणून सांधे मोकळे झाल्यावर दातावर, रिव्हेटवर आणि स्प्रिंगच्या टोकांना पांढरं लिथियम ग्रीस बोटाच्या टोकाने लावायचं, तेही बेताने. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, एवढं केलं तर लॉक वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

यानंतरची पायरी हा या कामाचा गाभा, आणि ती चुकवणाऱ्याला काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. बॉनेट उघडंच ठेवायचं. जाड स्क्रू ड्रायव्हरची दांडी लॉकच्या तोंडात आडवी धरून खाली दाबायची. बॉनेटचा आकडा जसा आत शिरतो तशी ती आत जाते आणि दात मिटतो. मग गाडीतून खटका ओढायचा. दांडी उसळून सुटली पाहिजे आणि खटका सोडल्यावर दात पुन्हा मिटायला तयार पाहिजे. हे चार-पाचदा बिनचूक झालं, तरच बॉनेट बंद करायचं.

केबलच तुटली असेल तर काम लांबतं. तार खटक्याजवळ तुटलेली असली तर नशीब. उरलेलं टोक पकडीने धरून ओढलं की बॉनेट उघडतं. मधे तुटली असेल तर गाडी उचलून खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढायचं किंवा ग्रिलच्या फटीतून लांब स्क्रू ड्रायव्हर घालून लॉकपर्यंत पोचायचं. प्रत्येक मॉडेलची वाट निराळी. जुनी केबल काढताना तिच्या टोकाला मजबूत दोरी बांधावी म्हणजे फायरवॉलच्या भोकातून, चाकाच्या कमानीआडून तीच वाट नव्या केबलला मिळते. वळण तीव्र पडलं तर नवी केबलही लवकर जाते. लॉकचे बोल्ट सैल करण्यापूर्वी त्यांच्याभोवती मार्करने खूण करावी. समोरून हलका धक्का बसलेल्या गाडीत मात्र खुणेवर विसंबता येत नाही. आडवी पट्टीच वाकलेली असते, आणि ती सरळ न करता नुसतं लॉक सरकवणं ही मलमपट्टी झाली.

बॉनेट बंद करायची रीतही मालकाला दाखवून द्यावी. दोन्ही हातांनी रेटून दाबू नये, पातळ पत्र्याला पोचा पडतो. साध्या दांडीवर उभं राहणारं बॉनेट दीड वीत उंचीवरून सोडलं की स्वतःच्या वजनाने बसतं. मग पुढची कड उचलून पाहायची.

आता तो दुसरा हूक, जो बोटाने चाचपून सरकवावा लागतो. पुष्कळांना तो नसती कटकट वाटतो. पहिलं लॉक चालत्या गाडीत सुटलं तर बॉनेट या हुकावर अडतं. तो नसेल तर पुढून घुसणारी हवा पत्रा उचलून थेट काचेवर आपटते. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून पुढून उघडणाऱ्या बॉनेटला अशी दुसरी पकड कायद्याने सक्तीची झाली. मद्रासला १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डला ही भीती नव्हती. तिचं बॉनेट पुढच्या बिजागरीवर, समोरच्या दिशेने उघडे, त्यामुळे वारा ते उलट दाबूनच धरी.

हाच हूक परत न फिरल्यामुळे निसानला अमेरिकेत २०१३ ते २०१८ च्या अल्टिमा गाड्या पुन्हा पुन्हा परत बोलवाव्या लागल्या. २०२० च्या फेरीत १८ लाखांहून जास्त. धूळ आणि खरवडलेला रंग यांमुळे सांधा गंजायचा आणि हूक उघडाच अडकून राहायचा. २०२४ मध्ये टेस्लानेही तिथे १८ लाखांहून जास्त गाड्यांसाठी रिकॉल काढला. बॉनेट उघडं राहिल्याचं गाडीला कळतच नव्हतं. इलाज सॉफ्टवेअरचा होता. चालकाला इशारा मिळू लागला. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांत असा इशारा नाही. तिथे पाहणारं बोटच हवं.

तेव्हा पुढच्या वेळी इंजिन ऑइल बघायला बॉनेट उघडाल, तेव्हा तो छोटा हूक बोटाने पूर्ण सरकवा आणि सोडून द्या. चटकन जागेवर आला तर ठीक. सावकाश आला, तर त्याच दिवशी साफ करून ग्रीस लावा. मधेच थांबला, तर तो दुरुस्त होईपर्यंत गाडी हायवेवर काढू नका.