थांबलाय की गेलाय?

कानाच्या डॉक्टरांनी डावा कान निम्म्याहून जास्त गेल्याचं सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "कुजबूज ऐकू येईल का?" ते हसले. "या वयात कुणाची कुजबूज ऐकताय, नाना?"

नटाच्या श्वासाची, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. दिवसा साखर कारखान्याचं टाइम ऑफिस आणि रात्री तालमीची वही, यात माझी अडतीस वर्षं गेली. गाळप हंगाम आणि राज्य नाट्य स्पर्धा, दोन्ही नोव्हेंबरच्या आसपास सुरू होणार. त्यामुळे निम्म्या तालमी मी पेंगत काढल्या. प्रयोगात मात्र कधी डुलकी घेतली नाही. बारामती, भिगवण, इंदापूर, जिथं आमचा पडदा वर गेला तिथं विंगेत मी. माझ्या जागेवरून रंगमंच डाव्या हाताला येतो. कान नेमका तोच गेला.

मंडळातल्या पोरांनी गोड बोलून मला बाजूला केलं. "नाना, जन्मभर आडून बघितलंत, आता एकदा समोर बसून नाटक बघा की." लागलं मला ते, पण खोटं नव्हतं. धड एक नाटक मी समोरून पाहिलेलं नाही. नटांचे मला कान माहीत आहेत, अर्धे चेहरे माहीत आहेत. म्हणून फेब्रुवारीत एकटाच निघालो. हिच्या गुडघ्यांना मुंबईचे जिने झेपणारे नव्हते. स्वारगेटला गाडी बदलली, शिवनेरीने दादर गाठलं, स्टेशनाजवळ एक लॉज घेतला. पाच दिवस, चार नाटकं, आणि मधल्या वेळात मुंबई.

पहिल्या दिवशी गिरगावात साहित्य संघ मंदिर बाहेरून पाहिलं आणि पायीच ग्रँट रोडला गेलो. विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ साली इथल्या थिएटरात खेळ केले. ते थिएटर आता नाही. मी आपला फुटपाथवर उभा राहून भाव्यांचा हेवा करत होतो. १८४३ ला सांगलीत त्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा पाठ करायला संवाद लिहिलेलेच नव्हते. सूत्रधाराने पदं म्हणायची आणि पात्रांनी वेळेवर सुचेल ते बोलायचं. विसरायला काही नाहीच! आमची प्रॉम्प्टरांची जमात पुढची, बुकिश नाटकांबरोबर आलेली. कीर्तन्यांनी १८६१ साली 'थोरले माधवराव पेशवे' लिहिलं, म्हणजे कुणीतरी वही धरून आडोशाला बसलं असणार. त्याचं नाव कुठंच नाही. आमचंही हँडबिलावर नसतं.

शब्द देणं अवघड नाही. वाचता येणारा कुणीही देईल. नट गप्प झाला की तो थांबलाय की गेलाय, हे ओळखणं अवघड. थांबलेल्याला शब्द दिलात तर त्याचा कमावलेला पॉज मातीत जातो, आणि तो रात्रभर शिव्या घालतो. गेलेल्याला दिला नाहीत तर जन्मभर. ठरवायला वेळ दोन पापण्या लवण्याएवढा. वहीत मी पॉजच्या रेघा मारतो, एक रेघ म्हणजे मनात एक आकडा. पण तालमीत तीन आकडे थांबणारा प्रयोगात टाळी मिळाली की सहा थांबतो.

गडकऱ्यांचा त्रास नाही. 'एकच प्याला'तली वाक्यं मालगाडीसारखी, एक डबा आठवला की मागचे ओढले जातात. घात केला तो तेंडुलकरांनी. काय ती टिंबं! 'शांतता! कोर्ट चालू आहे' आम्ही बसवलं तेव्हा त्यांची टिंबं आणि माझ्या रेघा मिळून पानावर मुंग्या चढल्यासारखं दिसायचं. बेणारे करणारी मुलगी शेवटच्या स्वगतात रोज नव्या जागी थांबायची, आणि मी रोज नव्याने मरायचो.

माझा उपाय श्वासाचा. थांबलेला नट श्वास धरून ठेवतो, कारण पुढचं वाक्य त्याच्या छातीत भरलेलं असतं. गेलेल्याचा श्वास सुटतो. नाकातून, अगदी बारीक, सायकलचा व्हॉल्व ढिला असावा तसा. त्याच वेळी अंगाचं वजन टाचेवर येतं आणि स्टेजची फळी करकरते. हे दोन आवाज मी बारा फुटांवरून टिपायचो. याचा मला गर्व होता, अजून आहे. आमच्या पट्ट्यात आणखी एक नावाजलेले गृहस्थ होते. ते आख्खं वाक्य द्यायचे, तेही असं की तिसऱ्या रांगेला आधी कळायचं आणि नटाला मागून. मी पहिलं अक्षर द्यायचो. 'आई' हवं असेल तर नुसता 'आ'. ते वारले तेव्हा मी मातीला गेलो होतो, आणि परत येताना मनात आलं, आता इथं आपणच. मेल्या माणसाबद्दल असं मनात येऊ नये, पण आलं.

आता तर कॉलर माइक आलेत. मी कुजबुजलो की माझा 'आ' नटाच्या छातीवरून सगळ्या सभागृहाला ऐकू जातो. आणि मालिकांतून आलेली मंडळी तर पाठ करण्यालाच हसतात. असो.

दुसऱ्या दिवशी घारापुरी. लाँचमागे सीगल लागले तेव्हा भिगवणचं पाणी आठवलं. एवढ्या पायऱ्या चढून त्या अठरा फुटी सदाशिवापुढं उभा राहिलो. सगळे समोरून फोटो काढत होते, मधला शांत चेहरा. मी सवयीने कडेला सरकलो. डावीकडचा चेहरा मिशीवाला, रागीट, हातात साप. उजवीकडचा बाईचा, हातात कमळ. समोरच्याला शांत दिसणारा देव विंगेतून रागावलेला दिसतो, हे ज्या कारागिरानं घडवलं त्यानं नाटक नक्की आडून पाहिलं असणार. तासभर होतो तिथं.

तिसऱ्या रात्री दादरला एक जुनं नाटक नव्या संचात लागलं होतं. आम्ही ते १९९३ ला केलेलं, वही तोंडपाठ. एच रांगेत बसलो, उजवा कान पुढं करून, म्हणजे मान तिरकी. दुसऱ्या अंकात बाप पत्र घडी करून मुलाच्या हातात परत देतो आणि थांबतो. थांबला. एक, दोन, तीन. एवढ्या लांबून श्वास ऐकू येईना, टाच दिसेना. दिसत होता फक्त चेहरा, आणि चेहऱ्याचं कामच खोटं बोलण्याचं. चार, पाच. माझे तळहात भिजले. सहा. सातव्याला माझ्या तोंडून अक्षर निसटलं.

त्याच क्षणी नट बोलला. वाक्याला टाळी आली. शेजारच्या बाई वळून म्हणाल्या, "काका, नाटक बघायला आलात ना?"

मध्यंतरात बटाटेवडा हातात धरून उभा होतो आणि डोक्यात एकच, माझ्यामुळं बोलला तो. एच रांगेतून त्याला ऐकू जाणं शक्य नाही, हे मलाही समजतं. तरी वडा गोड लागला.

चौथ्या दिवशी राणीबागेशेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय ठरलं होतं. ते सोडलं. त्याच नाटकाचा प्रयोग पार्ल्याला दीनानाथमध्ये होता, तिकीट काढलं. ती जागा आली. मी रुमाल तोंडाशी धरला. एक, दोन, तीन, चार, आणि तो बोलला. टाळी तशीच.

वहीत लिहिलं, दादर सात, पार्ले चार. म्हणजे काल गेला होता? की कालचं सभागृह जास्त शांत होतं, म्हणून जास्त खेचला? की आज कंटाळला होता?

प्रयोगानंतर मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. तो आला, मेकअप पुसलेला, कानामागं रंगाचा एक पट्टा राहिलेला. दोघा-तिघांनी फोटो काढले. मग मी एकटाच उरलो. विचारायचं वाक्य सबंध रस्ताभर घोकलेलं होतं. तो माझ्याकडे बघत उभा होता आणि मला पहिला शब्द सापडेना.

"बोला ना, काका," तो हळूच म्हणाला.

"बारामतीहून आलोय," मी म्हणालो.