समुद्रकाठी राहायला जाताय? एक आषाढ, एक वैशाख काढून बघा!

मैत्रिणींनो, यजमान निवृत्त झाले की घरोघरी एक विषय हमखास निघतो, "आता कुठंतरी निवांत जागी जाऊन राहू या!" आमच्याकडेही निघाला. आम्ही पडलो जालन्याचे. २०१२ चा दुष्काळ काढलेले. टँकर आला की हातातलं काम टाकून हंडे घेऊन धावायचं, भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालायचं, हे अंगवळणीच पडलेलं. तेव्हा ह्यांच्या डोक्यात समुद्र शिरला तर नवल नाही!

पौषात दापोली तालुक्यातल्या मुरुडला महिनाभर भाड्यानं राहिलो. जालन्याहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, मग कोकण रेल्वेनं खेड, पुढे दापोलीवरून एस.टी. महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं ते हेच गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचं देऊळ, जवळच हर्णैला मासळीचा लिलाव. पण खरं सांगू? मला भुरळ घातली ती मागीलदारच्या विहिरीनं. पहिल्या दिवशी अंगावर चार तांबे जास्तच घेतले आणि चोरी केल्यासारखं वाटलं!

हे तर जालन्याचं घर विकायला निघाले. मी म्हटलं, "आधी एक आषाढ आणि एक वैशाख इथं काढू, मग बोला."

आषाढात गेलो. आपल्याकडं वर्षाला ७०० मिलीमीटरच्या आतबाहेर पाऊस, तिथं ३,००० च्या वर! कपडे चार-चार दिवस वाळेनात, पापडांना बुरशी, काड्यापेटी पेटेना. वीज गेली ती तिसऱ्या दिवशी आली. त्यातच ह्यांचा जुना दमा उसळला. रात्री दोन वाजता शेजारच्या काकू भर पावसात जाऊन रिक्षावाल्याला उठवून घेऊन आल्या, म्हणून दापोलीला पोचलो. दुखणं मोठं असतं तर चिपळूणजवळचं डेरवण गाठावं लागलं असतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात काकूंची निम्मी वाडी आडवी झालेली. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्या वाट बघताहेत.

वैशाखात दुसराच धडा मिळाला. विहीर तळाला गेलेली, पाणी मचूळ. वर जांभ्या दगडाच्या सड्यावर तर पाणी ठरतच नाही. एवढा पाऊस पडूनही कोकणातल्या कितीतरी वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो! काकू भाजी धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात ओतत होत्या. मला माझी तुळस आठवली.

तेव्हा बायांनो, घाई नको. वाडी म्हणजे शेतजमीन, ती घ्यायला आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. सातबाऱ्यावर सहहिस्सेदार किती ते वकिलाकडून तपासून घ्या. किनाऱ्यालगत बांधकामावर १९९१ पासून निर्बंध आहेत, तेही विचारा. आणि राहतं घर आधी विकू नका.

आम्ही नाही विकलं. कार्तिक ते फाल्गुन मुरुडला भाड्यानं, बाकीचे दिवस जालन्यात. जाताना ज्वारीचं पीठ आणि काकूंसाठी मोसंबी नेते, येताना आमसुलं आणते. ह्यांना समुद्र मिळाला, मला माझं घर राहिलं. विहिरीवर मात्र मी अजूनही तांबे मोजूनच घेते हं!