टाक्यांतला गावाचा पत्ता

जेरुसलेमच्या उत्तरेला रामल्ला आणि दक्षिणेला बेथलेहेम. नकाशावर या दोन पॅलेस्टिनी शहरांमधले सरळ अंतर पंचवीस किलोमीटरच्या आतले. पण तिथल्या बायकांचे जुने पोशाख पाहिले, तर फरक लगेच डोळ्यांत भरतो. रामल्लाचा पोशाख पांढऱ्या लिननचा, त्यावर लाल रेशमाची नक्षी. बेथलेहेमच्या पोशाखावर मात्र सोनेरी-रुपेरी दोरा वळणावळणाने टाचून बसवलेला.

या पायघोळ पोशाखाला ‘थोब’ म्हणतात आणि भरतकामाला ‘ततरीझ’. बाई कुठल्या भागातली आहे, हे पूर्वी तिच्या थोबवरून ओळखता येत असे. सायप्रसचे झाड, बेथलेहेमचा चंद्र, हेब्रॉनकडचा ‘पाशाचा तंबू’ अशी नमुन्यांची नावेही ठरलेली. युनेस्कोने २०२१ मध्ये या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

१९४८ च्या युद्धात चारशेहून अधिक गावे ओस पडली आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. छावण्यांमध्ये वेगवेगळ्या गावच्या बायका शेजारणी झाल्या, तसे नमुनेही एकमेकांत मिसळले. पुढे १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे उठाव, सुरू झाला. तेव्हा पॅलेस्टिनी झेंडा फडकवायला बंदी होती. बायकांनी त्याचे रंग थोबवरच भरले.

आज हेच नमुने लोगो, पिशव्या आणि मुखपृष्ठांवर दिसतात. तुम्ही मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका घातला असेल, तर त्याचे कारण चटकन कळेल. धागे मोजून घातलेली प्रत्येक फुली म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरचा एक चौकोनी ठिपकाच. म्हणून हा नमुना लहान आयकॉनमध्येही शोभतो आणि मोठ्या फलकावरही.

डिझायनरने मात्र थोडे पथ्य पाळावे. रंग मोजकेच ठेवावेत, कारण जुन्या थोबवर बहुतेकदा लाल रंगच उठून दिसतो. फुल्यांच्या पायऱ्या घासून गुळगुळीत करू नयेत. पाच गावांचे पाच नमुने सुंदर दिसतात म्हणून एकाच चौकटीत कोंबू नयेत. आधी नमुना कुठला, हे भरणाऱ्या बाईला विचारावे आणि तिच्या कामाचे पैसे द्यावेत.

लोगोसोबत नमुन्याचे आणि गावाचे नाव छापायला एक ओळ पुरते. ज्या गावात आज एकही घर उभे नाही, त्याचे नाव निदान तिथे तरी वाचले जाईल.